कॅप्सूलच्या आधी भाकरी

आतड्यांतील जीवाणू शरीरातील पेशींच्या दहापट असतात आणि म्हणून प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जीवाणू असलेली) कॅप्सूल रोज घ्यावी, असे बरेचदा सांगितले जाते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार सरासरी पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी पेशी असतात, म्हणजे प्रमाण जवळपास बरोबरीचे आहे.

कॅप्सूलपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते या जीवाणूंचे अन्न. जो तंतुमय भाग आपल्या पाचकरसांना पचत नाही, तो मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा याच ब्युटिरेटमधून मिळवतात. आपल्या सोलापुरात यासाठी दूर जावे लागत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, शिवाय भाकरी थंड झाली की तिच्यातील थोडा स्टार्च सहज न पचणारा बनतो आणि तोही जीवाणूंच्या वाट्याला येतो. (कडक भाकरी करणाऱ्यांनी अर्थातच टिकाऊपणाचा विचार केला होता, जीवाणूंचा नव्हे.) जोडीला मटकी, हुलगा, शेंगदाणे, पालेभाज्या आलटूनपालटून असाव्यात. तंतू मात्र हळूहळू वाढवावेत, अन्यथा पोट फुगते.

ताक-दही जरूर घ्यावे, परंतु त्यातील जीवाणू बहुधा मुक्कामाला राहत नाहीत, म्हणून सातत्य हवे. सर्दीसारख्या विषाणूजन्य आजारात मनानेच प्रतिजैविके घेतल्यास आजार बरा होत नाहीच, उलट आतड्यांतील उपयुक्त जीवाणू मात्र मरतात.