शब्द सुचवा: गाडीच्या 'सस्पेन्शन'ला मराठीत काय म्हणावं?

मिशिगनवासी:
शेजाऱ्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. गेले दोन महिने आमचे शनिवार-रविवार तिच्याखाली पाठ टेकून चाललेत. (मस्टँग ही 'मसल कार' नव्हे, 'पोनी कार', हे मला माहीत आहे. तो वाद इथे नको.) मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यावर लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला अडलो. 'गाडीचं निलंबन सुधारलं' असं वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, "का, लाच घेताना सापडली?" हँडलिंग, लीफ स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर यांनाही शब्द हवेत.

शब्दवेडी:
निलंबन अर्थाने चूक नाही. त्यात लोंबणं आहे, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही टांगणंच आहे. जुन्या घोडागाड्यांची पेटी खरोखर चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली असायची. पट्टे गेले, नाव राहिलं. पण मराठीत ही जागा आधीच भरलीय: कचेरीत साहेब निलंबित होतात, शाळेत गढूळ पाणी हे 'निलंबन' असतं. सस्पेन्शनच लिहा. हँडलिंगला मात्र हाताळणी नको, हाताळतात ती काचेची बरणी.

पाटेवाला:
वडिलांचं ट्रकचे पाटे बांधायचं काम होतं, म्हणून बोलतो. लीफ स्प्रिंग म्हणजे पाटा. एकाखाली एक आखूड होत जाणारे पाटे, वरचा मेन पाटा, मधून सेंटर बोल्ट, आणि सगळं आखाला यू-बोल्टने आवळलेलं. तुमच्या मस्टँगलाही मागे हेच आहे. पाटे बसले की गाडी मागून खाली दिसते.
'धक्काशोषक' तर मुळीच लिहू नका. धक्का पाटा घेतो. त्यानंतर गाडी डुलत राहते, ते डुलणं शॉकअप आवरतो. इंग्रजी नावच फसवं आहे, त्याचं भाषांतर करून चूक दुप्पट कशाला करायची?
हँडलिंगला आमच्याकडे साधं विचारतात, "गाडी ऐकते का?" वळणावर रस्ता धरते की लोळते, एवढंच.

मिशिगनवासी:
'ऐकते' झकास! आमची ऐकत नव्हती. वळणावर अंग टाकायची, आणि बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक वरून बाहेर कलायचं, म्हणजे टायर नुसत्या कडेवर. त्यावरचा उपाय कॅरोल शेल्बीने मस्टँगवरूनच बनवलेल्या १९६५ च्या जीटी३५० मध्येच आहे: पुढचा वरचा कंट्रोल आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) एक इंच खाली बसवायचा. दोन्ही बाजूंना दोन-दोन नवी भोकं, बस्स. ड्रिल लावताना शेजाऱ्याने डोळे मिटले होते. आता गाडी कलली की ते चाक वरून आत झुकतं आणि टायर पुरा टेकतो.
पण ॲक्सिलरेटर दाबला की मागचा भाग बसतो आणि नाक वर येतं. त्याला काय म्हणू?

पाटेवाला:
उलाळ! बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, ती गाडी उलाळ. एरवी तुमची गाडी उलटी, लोखंडी व्ही-८ इंजिनामुळे धुरेवरच, म्हणजे पुढे, जड. वजन मागे गेलं की उलाळ होते.

शब्दवेडी:
वा, हा शब्द आजोबांनंतर आज ऐकला. 'टॉर्शन बार'ला पिळाची सळई चालेल? १९७० च्या डॉज चॅलेंजरला पुढे स्प्रिंगऐवजी तीच आहे ना?

पाटेवाला:
चालेल. डॉज ज्यांची, त्या क्रायस्लरवाल्यांनी १९५७ पासून ती लावली. लांब सळई, चाक वर गेलं की पिळते, खाली आलं की सुटते. सुंभाचा पीळ जळूनही जात नाही, हिचा दर खड्ड्यात येतो आणि जातो. पुढच्या टोकाचा बोल्ट फिरवून गाडीची उंचीही कमी-जास्त करता येते. पाट्याला ती सोय नाही, तिथे भट्टीच पेटवावी लागते. वळणावरचं लोळणं आवरणारा अँटी-रोल बारही पिळावरच चालतो, पण एक बाजू खाली आणि दुसरी वर झाली तरच. दोन्ही चाकं सारखीच उचलली तर तो गप्प. त्याला शब्द शोधू नका, बारच म्हणा.

मिशिगनवासी:
लेख दिला. सस्पेन्शन, पाटा, शॉकअप, पिळाची सळई, सगळं पास झालं. फक्त 'उलाळ'भोवती लाल गोल करून संपादकांनी विचारलंय, "उनाड म्हणायचं आहे का?"