वांडाव्हिजन: तळघरात वांडाची जादू बंद, मग गावावरचं हेक्स चालू कसं राहिलं?

वेशीबाहेरचा

मार्वलच्या वांडाव्हिजन मालिकेचे नऊही भाग आणि नंतरची अगाथा ऑल अलाँग पाहिली नसेल तर इथूनच मागे फिरा, सगळं फुटणार आहे.

आठव्या भागात अगाथा ही जुनी चेटकीण वांडाला तळघरात कोंडते. वांडा हात उगारते आणि काहीच होत नाही. मग अगाथा भिंतींवरच्या रून्स (जादुई खुणा) दाखवून नियम सांगते: जिने रून्स घातल्या त्या चेटकिणीलाच त्या जागेत जादू वापरता येते. इथवर मान्य. पण हे तळघर आहे कुठे? वेस्टव्ह्यू गावात, म्हणजे हेक्सच्या (गावाला वेढून ते दशकादशकाच्या सिटकॉमसारखं बदलणाऱ्या जादुई कवचाच्या) पोटातच. आणि हेक्स तर वांडाच्या जादूवर उभं. तळघरात तिचा मेन स्विच पडला असेल तर वरचं अख्खं गाव तिथल्या तिथे मूळ रूपात यायला हवं होतं. तसं काही झालं नाही. वांडा रस्त्यावर आली तेव्हा सगळं जागच्या जागी, आणि नवव्या भागात तिने जादूने घडवलेला नवरा व्हिजनही धडधाकट उडत येतो.

हा नियम पटकथेच्या सोयीने वाकवलाय, की आत काही संगती आहे? 'वांडाची जादू म्हणजे चेऑस मॅजिक आहे, त्यात काहीही होतं' हे उत्तर कृपया नको.

चौथी_भिंत

संगती आहे. नियमातलं क्रियापद बघा, जादू 'वापरणे'. रून्स चेटकिणीचे हात बांधतात. तिच्या हातून आधीच घडून गेलेलं त्या उलटवत नाहीत. तळघरात वांडाला नवीन काही करता येत नव्हतं, एवढंच. पेटवलेली चूल, चूल पेटवणाऱ्याला कोंडलं म्हणून विझत नाही.

वांडाची जादू तिच्यापासून सुटी होऊन टिकते याचे पुरावे मालिकेनेच दिलेत, तेही बहुतेक रून्सचा नियम यायच्या आधी.

पाचवा भाग: स्वोर्ड या सरकारी यंत्रणेची मोनिका हेक्समध्ये शिरताना अंगात बुलेटप्रूफ जॅकेट होतं. बाहेर फेकली गेली ती सत्तरच्या दशकातल्या कपड्यांत. तपासणीत त्या कपड्यांत ८७ टक्के केव्हलर (बुलेटप्रूफ जॅकेटचं कापड) निघालं, गोळीने ते भेदलं जात नाहीत. म्हणजे हेक्सने नजरबंदी केली नव्हती, आहे त्याच मालाची दुसरी वस्तू केली होती. आणि हे कपडे हेक्सच्या बाहेर, स्वोर्डच्या तळावर, वांडापासून लांब पडलेले असतानाही तसेच राहिले.

त्याच भागातला ड्रोन. ऐंशीच्या दशकातला मुद्दाम निवडला, कारण आत तेव्हा ऐंशीचं दशक चालू होतं. काळाशी जुळणारी वस्तू बदलायची हेक्सला गरज पडत नाही. (जुन्या काळात आजचा ड्रोन पाठवला की काय होतं ते दुसऱ्या भागात दिसलंय. खेळण्यातलं हेलिकॉप्टर.) वांडा तो ड्रोन ओढत बाहेर आणते आणि स्वोर्डप्रमुख हेवर्डसमोर आपटते. आठव्या भागाच्या श्रेयनामावलीनंतर हेवर्ड पांढऱ्या व्हिजनला, म्हणजे खऱ्या व्हिजनच्या पुन्हा जोडलेल्या शरीराला, जागं करतो ते याच ड्रोनवर साठून राहिलेल्या लाल ऊर्जेवर. तिथे ना वांडा आहे ना हेक्स, तरी एक अख्खा सिंथेझॉइड (कृत्रिम माणूस) चालू व्हावा इतकी ऊर्जा त्या पत्र्यात शिल्लक होती.

आणि मोनिकाच्या पेशी. शास्त्रज्ञ डार्सी सहाव्या भागात तिला सांगते की दोनदा हद्द ओलांडल्याने तुझ्या पेशी रेणूंच्या पातळीवर बदलल्यात. पेशी आपोआप पूर्ववत होत नाहीत. उलट तिसऱ्यांदा भिंत ओलांडताना तिला शक्ती मिळते.

खडूस_प्रेक्षक

चौथी_भिंत, पुरावे तुमच्या सोयीचे वेचलेत. व्हिजनचं काय? सहाव्या भागात तो हेक्सबाहेर पाऊल टाकतो आणि चिंध्या होऊन तुकडे मागे भिंतीकडे ओढले जातात. जादू टिकाऊ असती तर तोही मोनिकाच्या पँटसारखा बाहेर टिकला असता.

शिवाय नवव्या भागात हेक्स आकसत जातं तेव्हा गाव पहिल्यासारखं होतं. रंग उडालेल्या भिंती, ओसाड रस्ते. 'बदललेलं टिकतं' म्हणता, मग ते का नाही टिकलं?

आणि ज्या चुलीचं कौतुक करताय तिच्यात सरपण घालायला कुणीतरी लागतंच. सहाव्या भागात व्हिजन गावाच्या कडेला एलिस अव्हेन्यूपर्यंत जातो तिथली माणसं आठवा. मध्यभागी हॅलोविनची धमाल, आणि इथे एक बाई तीच हालचाल तिथल्या तिथे पुन्हा पुन्हा करतेय, डोळ्यांतून पाणी. मध्यापासून लांब गेलं की वांडाचं लक्ष पुरत नाही. म्हणजे कुठल्या ना कुठल्या पातळीवर ती ते चालवत होतीच.

चौथी_भिंत

हरकत रास्त आहे, सरसकट 'टिकतं' म्हणायला नको होतं. दोन प्रकार वेगळे करतो.

एक, *पालटलेलं*. मूळ वस्तू किंवा माणूस आधीच होता, हेक्सने त्याला दुसरं रूप दिलं: केव्हलर, ड्रोन, चार हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. दोन, *घडवलेलं*. तिथे आधी काहीच नव्हतं: व्हिजन, जुळी पोरं, घर. आठव्या भागात वांडा येते तेव्हा प्लॉटवर नुसता पाया आहे, घर तिच्या अंगातून उसळतं. मग व्हिजन घडतो, आणि त्याचा रंग बघा. सगळं लाल उसळत असताना तो पिवळ्या उजेडातून बनतो. नवव्या भागात वांडा त्याला सांगतेच की तिच्यात उरलेला माइंड स्टोन या शक्तिमान खड्याचा अंश म्हणजे तो. घडवलेल्याला स्वतःचा माल नसतो, असते ती सगळी हेक्सची ऊर्जा. म्हणून ते हद्दीबाहेर तगत नाही. चौकात गावकऱ्यांनी घेरल्यावर वांडा हेक्स उघडते तेव्हाही विरघळायला लागतात ते व्हिजन आणि पोरंच.

गाव पूर्ववत का झालं? कारण तिथे हेक्स तुटलं नाही, वांडाने ते स्वतः आवरतं घेतलं. भिंत आत सरकत आली आणि जाता जाता पालटलेलं उलटं पालटत गेली. मोनिकाचे कपडे त्याआधीच भिंतीबाहेर पडले होते, ते या आवराआवरीत सापडलेच नाहीत.

एलिस अव्हेन्यूचा मुद्दा मात्र मी माझ्याच बाजूने घेतो. तिथे लक्ष पोचत नाही, पण माणसं भानावर येत नाहीत. मंत्र तुटला असता तर ती बाई घरी गेली असती. लक्ष कमी पडलं की नवा प्रसंग मिळत नाही, जुनाच अडकून फिरत राहतो. हेक्स टिकून राहणं आणि आत कथानक पुढे सरकणं ही दोन वेगळी कामं. तळघरात बंद पडलं असेल तर दुसरं.

काळी_मांजर

या वादाचा निकाल अगाथा ऑल अलाँगमध्ये लागलाय असं माझं मत.

पहिली गोष्ट ॲग्नेसची. वांडाने अगाथाला ॲग्नेस नावाची भोचक शेजारीण करून ठेवलं आणि त्याच रात्री हेक्स उतरवलं. हेक्स गेलं, ॲग्नेस राहिली. २०२४ ची मालिका सुरू होते तेव्हाही ती त्यातच अडकलेली, फक्त आता डिटेक्टिव्ह झालेली. तोवर वांडा तर मेली असंच सगळे धरून चाललेत. अगाथा सुटते तेव्हा एकावर एक पोशाख अंगावरून ओरबाडून काढते, दशकामागून दशक, शेवटी अंगावर काहीच उरेपर्यंत. तो प्रसंग नुसता विनोद नाही. मंत्राचे थर तिच्या अंगावर अजून *होते*, बांधणारी नसताना.

दुसरी आणि जास्त पक्की गोष्ट त्याच मालिकेतल्या चेटकीण जेनिफर केलची. तिची जादू सुमारे १०० वर्षांपूर्वी बांधली गेली, आणि ते बंधन अगाथाचं होतं हे आठव्या भागात कळतं. आता जोडा: वांडाने शक्ती काढून घेतल्यापासून अगाथा रिकामी आहे. कोंडलेली नाही, रिकामी! तरी जेनचं बंधन एका रात्रीसाठीही सैल झालं नाही. ज्या चेटकिणीकडे थेंबभर जादू नाही तिचा जुना मंत्र चालू राहतो, तर तळघरात तासभर हात बांधलेल्या वांडाचा का राहू नये?

पण सगळे मंत्र असे नसतात, हेही लक्षात ठेवा. वांडाचा भाऊ म्हणून आलेल्या खोट्या पिएत्रोवर, म्हणजे राल्फवर, अगाथाचा ताबा गळ्यातल्या माळेतून होता. मोनिका माळ हिसकते आणि तो तत्क्षणी शुद्धीवर. वस्तूवर बसवलेला मंत्र वस्तूबरोबर जातो. अगाथाची पद्धत बहुतेकदा हीच, आठवणींचं दार उघडायलाही तिला वांडाचा केस उपटावा लागला. वांडाला केस, माळ, मंत्रोच्चार काही लागत नाही. म्हणूनच अगाथा तळघरात हैराण आहे: इतके मंत्र एकाच वेळी, तेही आपोआप चाललेले, हे कुणाकडून शिकलीस? तिची सगळी चौकशी हेक्स वांडाच्या हातावर चालत *नाही* याच गोष्टीभोवती फिरतेय. तळघरात हेक्स पडलं असतं तर तिला विचारायला काही उरलंच नसतं.

जुना_अंकवाला

थोडं विषयांतर. 'हेक्स' हा शब्द डार्सीने षटकोनावरून काढला असला तरी कॉमिक्समध्ये तो आधीपासून आहे. १९६४ साली एक्स-मेनच्या चौथ्या अंकात स्कार्लेट विच, म्हणजे वांडा, आली तेव्हा हेक्स म्हणजे शक्यता वाकवणं, समोरच्याचं ऐन वेळी काहीतरी बिघडणं. आठव्या भागात वांडाच्या सोकोव्हियातल्या घरात न फुटलेल्या बॉम्बबद्दल अगाथा जो तर्क करते तो थेट तिथून आलाय.

चेऑस मॅजिक हे बरंच नंतरचं ठिगळ. गंमत म्हणजे २००४ च्या अव्हेंजर्स अंकांत डॉक्टर स्ट्रेंज ठणकावतो की चेऑस मॅजिक असं काही नसतंच. त्यामुळे कॉमिक्समधले नियम मालिकेला लावायला जाऊ नका. २०२१ साली 'जुळी पोरं म्हणजे मेफिस्टो या सैतानाच्या आत्म्याचे तुकडे' ही १९८९ ची कथा धरून लोक नऊही भाग मेफिस्टोची वाट बघत बसले. तो काही आला नाही.

वेशीबाहेरचा

काळी_मांजर, जेनचा मुद्दा चोख. माझा मूळ प्रश्न मिटला.

एक शंका उरली. नवव्या भागात वांडा रून्स घालते त्या हेक्सच्या भिंतींवर. थोड्याच वेळात हेक्स उतरतं, म्हणजे भिंतीही गेल्या. मग अगाथावरचा निर्बंध उठायला हवा ना?

चौथी_भिंत

उठला असेलच, पण तोवर त्याचं काम झालं होतं. रून्सचा उपयोग काही क्षणांपुरता: अगाथाचा हात थांबवायचा आणि तेवढ्यात तिने शोषलेलं सगळं परत ओढून घ्यायचं. त्यानंतर निर्बंध असला काय नि नसला काय, वापरायला तिच्याकडे काही नव्हतं. ॲग्नेसचा मंत्र त्यावरचं कुलूप.

यातली खरी चलाखी वेगळीच आहे. अगाथा फक्त तिच्यावर फेकलेली जादू शोषू शकते, सेलममध्ये १६९३ साली तिने आपल्या आईसकट सगळ्यांना तसंच संपवलं. म्हणून वांडा तिला खायला घालत राहते, स्वतःचे हात सुरकुतेपर्यंत. भाग पुन्हा लावलात तर त्या मारामारीत अगाथाकडे बघू नका. वांडाचे बरेच नेम चुकतात, ते चुकलेले लाल गोळे मागे कुठे जाऊन आदळतात ते बघा.

खडूस_प्रेक्षक

ते पाहिलंय. पँटचं अजून पटलेलं नाही.