आयटी सोडून कुत्री फिरवणाऱ्यांनो, आधी हिशेब मांडा

हिशेबी
परवा एकाने लिहिलं: हिंजवडीतली नोकरी सोडली, आता बाणेर-बालेवाडीत लोकांची कुत्री फिरवतो, पगाराइतकेच सुटतात, डोक्याला ताप नाही, "तुम्हीही हिंमत करा". खाली बदामांचा सडा. त्याच्या धंद्यावर माझा राग नाही. त्या "तुम्हीही"वर आहे.

दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, एका कुत्र्याचे महिना चार हजार, हा त्याचाच भाव. पण कुत्रा दुपारी दोनला कोण फिरवतं? सगळ्यांना सकाळी सहा ते नऊच हवं असतं, संध्याकाळीही तीच गर्दी. एका इमारतीतून दुसरीत जायचा वेळ धरला तर तीन तासांत पाच कुत्री. झाले वीस हजार. भाव दुप्पट करा, चाळीस. दोन-तीन एकत्र न्यायला मालक तयार नसतात, आणि मे महिन्यात नऊनंतर डांबरावर तळहात टेकवून बघा, म्हणजे दुपारी धंदा का होत नाही ते कळेल. सुट्टी नाही, पीएफ नाही, कंपनीचा मेडिक्लेम गेला. त्यात चार वर्षं झाल्यावर राजीनामा दिला म्हणे. अजून एक वर्ष कळ काढली असती तर ग्रॅच्युइटी तरी हातात पडली असती!

शेरूची आई
आलेच. मराठी मुलाने धंदा काढला रे काढला की कॅल्क्युलेटर घेऊन मराठी माणूसच पुढे. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आमच्याकडे असाच एक मुलगा येतो. घराची किल्ली त्याच्याकडे असते. शेरूच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात हे आम्हा घरच्यांच्या आधी त्याला दिसलं. गोचीड ताप निघाला, वेळेत औषध मिळालं. हे तुमच्या एक्सेलमध्ये कुठल्या खान्यात बसतं?

हिशेबी
खाना नाही म्हणूनच तर तुम्ही त्याचे पैसे देत नाही.

टेकडीवाला
पैशांचं तुमचं तुम्ही बघा. वेताळ टेकडीवर पट्टे सोडून मोरांच्या मागे कुत्री कोण सोडतं, त्यावर कुणी बोलणार आहे का?

सेक्रेटरी
टेकडी लांब राहिली, आमच्या लिफ्टचं बघा. आम्ही ठराव केलाय की पाळीव प्राणी फक्त सर्व्हिस लिफ्टने. तरी हे फिरवणारे मेन लिफ्टमध्ये घुसतात. ओले पाय, केस, वास. वर बोललं की उद्धट उत्तरं.

शेरूची आई
ठराव फ्रेम करून ऑफिसात लावा. प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक वाचा. कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही आणि वापराचे जादा पैसेही लावता येत नाहीत. सर्वसाधारण सभेने बहुमताने ठरवलं तरी नाही.

सेक्रेटरी
परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. आणि ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते ती माणसं नाहीत का? माझ्या नातीला चावलाय कुत्रा. पाच इंजेक्शनं घेताना ती कशी रडायची ते मी पाहिलंय. मला परिपत्रकं दाखवू नका.

पट्टेवाला
ज्याच्यावर हा धागा काढलाय तो मी. लिफ्टचं एकदा ऐकाच. बालेवाडीच्या एका सोसायटीत लॅब्रॅडॉर आणि मी मेन लिफ्टने जातो, कुणी हूं की चूं करत नाही, मालक वजनदार आहेत. त्याला अकराव्या मजल्यावर सोडून एकटा खाली येतो तेव्हा वॉचमन म्हणतो, "सर्व्हिस लिफ्टने." पट्टा हातात असला तर मेन लिफ्ट, नसला तर सर्व्हिस. कुत्र्यासाठी परिपत्रक आहे. माझ्यासाठी कुठलं आहे?

सेक्रेटरी
कामवाल्या, डिलिव्हरीवाले, सगळ्यांना तोच नियम आहे. तुम्हाला वेगळा का?

शेरूची आई
वा! म्हणजे सगळ्यांचाच अपमान, मग हरकत नाही. तुमची स्वयंपाकाची बाई जिन्याने वर येऊन पोळ्या करते, त्या पोळ्या मात्र मेन लिफ्टवाल्यांना चालतात.

सेक्रेटरी
जिन्याने कोण म्हणालं? तोंडात शब्द घालू नका. सर्व्हिस लिफ्ट काय नरक आहे?

हिशेबी
सेक्रेटरी, माझा मूळ मुद्दा बाजूला राहिला तरी विचारतो: सर्व्हिस लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला किती दिवस लागतात, आणि मेन लिफ्टला किती?

सेक्रेटरी
तो एएमसीचा, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कंत्राटाचा प्रश्न आहे.

टोरांटोकर
आमच्याकडे तीनपेक्षा जास्त कुत्री एकत्र फिरवायची तर महापालिकेचा व्यावसायिक परवाना लागतो, आणि परवाना असला तरी जास्तीत जास्त सहा. भारतात अशी शिस्त कधी येणार?

पट्टेवाला
तुमच्याकडे दर कोपऱ्यावर सहा भटकी कुत्री वाट अडवून उभी असतात का? मी एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन निघतो. काठी मारायला नाही, मध्ये धरायला. रेबीजची लस चावायच्या आधीच घेऊन ठेवलीय. तुमच्यासारखी सहा एकत्र नेली तर पाषाण रोडवर महाभारत होईल.

काळा कोट
शिस्तीचं निघालंच आहे तर: भारतीय न्याय संहितेचं कलम 291. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात शब्द "मालक" असा नाही. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे तो. फिरवताना चावला तर आधी तुम्हालाच बोलावतील. मालकाशी कागद केलाय का?

पट्टेवाला
केलाय. लसीची नोंद, आधी कुणाला चावलाय का, डॉक्टरचा नंबर, सगळं त्यात आहे. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना दिलीय. आणि हिशेबी, तुमचा वीस हजारांचा आकडा जवळपास बरोबर आहे. फक्त मी फिरवण्यावर जगत नाही. दिवाळी, मे महिना आणि जोडून सुट्ट्या आल्या की लोक गावाला जातात, तेव्हा कुत्री माझ्या घरी राहतात. त्याचा भाव दिवसावर असतो. फिरवण्यामुळे ओळख होते, ठेवण्यातून पैसा येतो.

हिशेबी
आणि मेडिक्लेम?

पट्टेवाला
बायकोच्या कंपनीचा.

हिशेबी
हेच! तुमच्या पोस्टमध्ये बायकोचा पगार कुठे होता? "तुम्हीही हिंमत करा" वाचून उद्या कुणीतरी एकटा कमावता, गृहकर्ज असलेला पोरगा राजीनामा देईल. धंदा चालतो, मान्य. भाड्याच्या घरात मालक कुत्री ठेवू देतो का, हेही लिहा.

पट्टेवाला
स्वतःचा फ्लॅट आहे. वडिलांनी घेतलेला. आता खूश?

शेरूची आई
वडिलांचा फ्लॅट आणि बायकोचा मेडिक्लेम घेऊन अर्धं पुणं स्टार्टअप काढतं, त्यांना कोण विचारत नाही. हाताला कुत्र्याचा वास आला की मात्र ऑडिट.

हिशेबी
त्यांनाही विचारतो. त्या धाग्यावर मला ब्लॉक केलंय.

टेकडीवाला
मोरांचं राहिलंच.

सेक्रेटरी
लिफ्टबद्दल ज्यांना आक्षेप आहे त्यांनी लेखी द्यावा. वार्षिक सभा सप्टेंबरात आहे, विषयपत्रिका ऑगस्टमध्ये निघेल.

शेरूची आई
देते. आणि त्यात माणसांच्या लिफ्टचा विषय वेगळा घालते. कुत्र्यांच्या खाली नको.