चेन सेट 19 हजार किमीवर बदलायचा का? मिस्त्री म्हणतो गेली, मला वाटतं अजून चालेल

राऊवाला_150
नमस्कार मंडळी, इंदूरचाच आहे, रोज राऊहून पीथमपूरला शिफ्टला जातो, गाडी 150 सीसी, चेन उघडी आहे, कव्हर नाही. मीटर 19 हजार. गेल्या महिन्यापासून सेकंड गिअरमध्ये हळू चाललो की मागून कट-कट आवाज येतो आणि थ्रॉटल सोडून परत दिला की झटका बसतो. मिस्त्रीकडे नेली तर त्याने खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही, मीटर बघितला आणि म्हणाला "भिया, चेन गई, पूरा सेट डलेगा". आता दर पंधरा दिवसांनी टाइट करावी लागते हे खरं, पण एक मित्र म्हणतो की त्याची 30 हजार चालली. नुसती चेन टाकली तर भागेल का? सेटमधलं सॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक, पुढचं आणि मागचं) तर लोखंडाचंच आहे, ते कशाला झिजतंय.

ग्रीसमामा
मीटर बघून चेन बदलणारा मिस्त्री आणि पत्रिका बघून ताप सांगणारा डॉक्टर सारखेच 😄 साधी चेन 15-20 हजार जाते, ओ-रिंगवाली (कड्यांत ग्रीस अडवणाऱ्या रबरी रिंगा असलेली) त्याहून जास्त, पण हे सगळं तू तेल किती घालतोस आणि कुठे चालवतोस त्यावर आहे. गाडी स्टँडवर घे आणि मागच्या सॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला, साधारण घड्याळातल्या तीनच्या जागी समज, तिथे चेन बोटाने धरून मागे ओढ. चेन उचलली जाऊन खाली अर्धा दात दिसला तर ती संपली, विषय संपला. मग चाक हळूहळू फिरव आणि खालच्या बाजूने चार-पाच ठिकाणी चेन वर-खाली करून बघ. एका ठिकाणी टाइट आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबतेय असं असेल तर अॅडजस्ट करून काही होणार नाही, तू टाइट जागेला धरून सेट केलीस तर बाकी लूज राहणार आणि लूज जागेला धरून केलीस तर टाइट जागा गिअरबॉक्सचं बेअरिंग खाणार.

लेथवाला_काका
बाळा, सॉकेट लोखंडाचं आहे म्हणतोस, चेन काय लाकडाची आहे का? मी चाळीस वर्षं मशीनवर काढली, एक सांगतो. चेन ताणली असं आपण म्हणतो पण पट्ट्या ताणत नसतात, आतली पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत केसभर फट पडते आणि शंभर-सव्वाशे कड्यांची मिळून लांबी वाढते. मग ती लांब झालेली चेन दातांच्या बुडाशी बसत नाही, वर सरकून बसते आणि दात एका बाजूने खाते, म्हणून ते आकड्यासारखे वाकडे दिसतात. अशा दातांवर नवी चेन टाकलीस तर तीपण तशीच होणार. पुढच्या सॉकेटला 14-15 दात, मागच्याला 40 च्या आसपास, म्हणजे पुढचा एकेक दात जवळजवळ तिप्पट वेळा मार खातो, आणि तोच इंजिनाजवळच्या कव्हरखाली लपलेला, कोणी बघतच नाही.
मोजायचं असेल तर चेनच्या पट्टीवर नंबर असतो, तुझी बहुतेक 428 असेल. चेन ताणून धर आणि एका पिनच्या मध्यापासून 20 कड्या मोज, नवी असताना ते 254 मिमी भरतं. 257 च्या वर गेलं की मी तरी वाट बघत नाही, 259 म्हणजे कधीच संपली.

सिमरोल_घाट
काकांशी सहमत. मी 2 वर्षांपूर्वी पैसे वाचवायला नुसती चेन टाकली होती, 4 हजार किमीमध्ये परत कट-कट सुरू आणि एकदा ओंकारेश्वरहून येताना भेरू घाटात चढावर चेन दातांवरून सटकली, मागे बायको बसलेली, पुढे ट्रक. दुसऱ्या दिवशी पूर्ण सेट टाकला. पण झटका बसतोय म्हणतोस तर मागच्या चाकाच्या हबमधले झटका झेलणारे रबरपण बघून घे, खूप वेळा दोष त्यांचा असतो आणि शिव्या चेनला.

राऊवाला_150
मंडळी अपडेट. रविवारी घरीच मोजलं, आईचा शिवणाचा टेप घेऊन आधी 251 आलं 😅 मग स्टीलची पट्टी आणली, 258 पक्के. एका जागी चेन बोटभर हलतेय आणि अर्धं चाक फिरवलं की दोन बोटं. पुढचं कव्हर उघडलं तर आत काळ्या चिखलाचा मुठीएवढा गोळा आणि त्यात गुलाबी थर, रंगपंचमीला गाडी राजवाड्याजवळ लावली होती आणि गेर (रंगाची मिरवणूक) तिच्यावरूनच गेली, नंतर मीच पाइप लावून धुतली आणि तेल घालायला विसरलो. पुढचे दात तर मांजराच्या नखांसारखे झालेत. पूर्ण सेट टाकतोय. आणि हो, रबर काढले तर हातात भुगा आला, तेपण नवे. मिस्त्रीला सांगायचं नाहीये की तो बरोबर होता. नवीन ओ-रिंगवाली घेतलीये, पेट्रोलने धुतली तर चालते ना?

ग्रीसमामा
अजिबात नको!! पेट्रोलने रबरी रिंगा कडक होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. रॉकेल किंवा डिझेल, मऊ ब्रश, पुसून वाळवायची, मग 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने. 500-600 किमीला एकदा, पावसात भिजली की त्याच संध्याकाळी.

लेथवाला_काका
आणि लॉकवाली कडी असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडे. मिस्त्रीने उलटं लावलं तर तिथेच थांबव. पहिल्या 500 किमीनंतर ढिलाई परत बघ, नवी चेन थोडी बसते.

राऊवाला_150
काका, आत्ता जाऊन बघितलं. उलटंच होतं.