'पानसिंग तोमर'मधल्या शर्यती आणि आमचा लघुपट

रीळवेडा:
तिग्मांशू धुलियाचा 'पानसिंग तोमर' (२०१२) समोर ठेवून लघुपट करतोय. नायक स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या शर्यतीचा धावपटू, पुढे फरार. कलाकार साध्या हर्डल्सवर सराव करतो, पण उड्या खोट्या दिसतात. कुठे चुकतंय? आणि मूळ सिनेमा इतिहासाशी किती इमान राखतो?

मैदानी:
हर्डल्स आधी बाजूला ठेवा. हर्डल धडकलं की उलटतं, स्टीपलचेसचा अडथळा जागचा हलत नाही. जाड लाकडी तुळई, अख्ख्या अडथळ्याचं वजन ८० ते १०० किलो, पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंमी. गुडघा आपटला तर माणूस पडतो. ती भीती नजरेत आणि पावलांत दिसते, हर्डल्सवर ती येणारच नाही.

३००० मीटरमध्ये असे २८ अडथळे आणि ७ पाणउड्या. पूर्ण फेरीत पाच, त्यातला चौथा पाण्याचा. नवखे इथेच फसतात. अडथळा जवळ आला की बिचकून पावलं आखडतात, वेग जातो, मग पुढे जाण्याऐवजी वर उडतात आणि थेट खोल पाण्यात. खड्डा अडथळ्यासकट ३.६६ मीटर लांब, अडथळ्यापाशी सर्वांत खोल, पुढे उथळ होत जातो. म्हणून शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्ये वेग वाढवायचा. एक पाय तुळईवर, गुडघा वाकलेलाच, कंबर खाली. शरीर तुळईच्या पुढे गेलं की मगच पायाने मागे रेटा. एक पाऊल उथळ पाण्यात, पुढचं कोरड्यावर. दोन्ही पाय एकदम टेकले की लय तुटली. सुरुवातीला लांब उडीच्या वाळूत सराव करा, पाणी नंतर.

पडद्यामागे:
मैदानीशी सहमत. एक भर: पहिल्या पाणउडीनंतर बूट-मोजे शेवटपर्यंत ओलेच राहतात. तिसऱ्या फेरीच्या शॉटमध्ये कोरडे बूट दिसले तर जाणकार तिथेच उठून जाईल. दमही फेरीगणिक दिसला पाहिजे. आधी खांदे वर चढतात, मग उडी बुटकी होते. शेवटच्या फेरीची दृश्यं कलाकार खरोखर धावून आल्यावरच घ्या. पानसिंग झालेल्या इरफान खानच्या चेहऱ्यावरचा थकवा विश्वसनीय वाटतो तो उगाच नाही.

चंबळकाठ:
इतिहासाबद्दल. मुरैना जिल्ह्यातलं भिडोसा गाव, रुरकीची बंगाल इंजिनिअर्स ही लष्करी तुकडी, स्टीपलचेसचं सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद, १९५८ ची टोकियोतली आशियाई स्पर्धा, गावी जमिनीचा वाद, १ ऑक्टोबर १९८१ च्या चकमकीत मृत्यू: हा सांगाडा खरा आहे. पण कथा उलगडते ती पानसिंगने पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीतून. म्हणजे बरंचसं आपण त्याच्याच तोंडून ऐकतो, आणि माझ्या मते सिनेमाची ताकद तिथेच आहे. तो स्वतःला 'बागी', म्हणजे बंडखोर, म्हणवतो. 'डाकू' हा शब्द पोलिसांचा, वर्तमानपत्रांचा. तुमच्या संवादांत कोण कुणाला काय म्हणतं, हे आधी पक्कं करा.

रीळवेडा:
आभार. वाळूचा खड्डा आहे. तुळई सुताराकडून करून घ्यावी का?

मैदानी:
हो, पण तुळईचे पाय रुंद आणि जड ठेवा. उडी मारताना डगमगली तर घोटा जाईल. वरच्या पृष्ठभागावर रंधा फारसा मारू नका, ओला बूट गुळगुळीत लाकडावरून सटकतो.