तळ्याकाठचे लाल चतुर कसे ओळखायचे?

केवडा: मालवणकडे पावसाळा सरताना भातखाचरांच्या बांधांवर आणि तळ्याकाठी दोन तऱ्हेचे लाल चतुर दिसतात. एक भडक लाल, दुसरा गुलाबीकडे झुकणारा. फोटोत नेमकं काय टिपावं?

पाणकणीस: भडक लाल तो बहुधा क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. त्याच्या शेपटावर, पाठीच्या बाजूने मधोमध बारीक काळी रेघ असते, ती वरून काढलेल्या फोटोतच दिसते. पाय तांबूस. गुलाबी-किरमिजी तो ट्रायथेमिस ऑरोरा: पंखांच्या शिरा लाल, पाय काळे. पंखांच्या मुळाशी पिवळट-तांबूस डाग दोघांनाही असतो, त्यावर जाऊ नका. बहुतेक जण तिथेच फसतात. एक फोटो वरून, एक बाजूने घ्या. बाजूचा नसला तर पाय कळत नाहीत.

खाजण: तिसरा गडी विसरलात, युरोथेमिस सिग्नाटा. शेपटाच्या टोकाजवळ, आठव्या-नवव्या खंडावर काळे डाग; मागच्या पंखाच्या मुळाशी गडद तपकिरी ठिपका. आणि हे सगळं वयात आलेल्या नरांचं, बरं का. माद्या आणि कोवळे नर पिवळट-तपकिरी असतात, तिथे नुसत्या रंगावरून नाव लावणं म्हणजे अंदाजपंचे.

पाणकणीस: बरोबर, तो राहिलाच.

मळेवाट: वेळ सकाळची धरा. भर दुपारी हे शेपूट सूर्याकडे उभं करून बसतात, अंगाला ऊन कमी लागावं म्हणून. मग पाठीची रेघ नीट मिळत नाही. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. उडाला तरी जागचे हलू नका, बऱ्याचदा त्याच काडीवर परत येतो. काठाचं गवत मात्र तुडवू नका, त्याच देठांवर चढून अळ्या कात टाकतात.