बीजाणू न धरणारं बीटी शेतात सोडावं का?

रानमाणूस: फवारणीच्या बीटीत (बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू) अळीला मारतो तो मुख्यतः प्रथिनाचा स्फटिक. सोबत येणारे बीजाणू (जिवाणूची टणक, सुप्त रूपं) मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. मग जनुक काढून ते बंदच का करू नयेत? प्रयोगशाळेत १९९०च्या दशकातच जमलंय. शिवाय पेशी फुटत नाही, स्फटिक आतच राहतो, त्यामुळे उन्हात जास्त टिकतो. माझ्या मते शेतात सोडायचा प्रत्येक जनुक-बदललेला बॅसिलस असाच हवा.

अर्धवटराव: जनुक कुठलं ते तर सांगा! स्पो-झिरो-ए काढलं की बीजाणूची तयारीच सुरू होत नाही. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्याला मारणारं क्राय-३ए हे स्फटिकातलं विष तरीही बनतं, उलट जास्तच. पण घाटेअळीवरचं क्राय-१ बीजाणू धरायला लागल्यावरच बनतं. म्हणजे आमच्या हरभऱ्याला शून्य उपयोग.

रानमाणूस: म्हणूनच स्पो-झिरो-एला हात लावायचा नाही, बीजाणू घडण्याच्या उशिराच्या टप्प्याचं सिग-के हे जनुक काढायचं. त्याआधीच्या टप्प्याचं सिग-ई शाबूत, त्यामुळे विष बनतं, बीजाणू मात्र पक्का होत नाही.

कोबीचा गड्डा: आणि बीजाणूचं काम काय, नुसती हमाली? काही अळ्यांत तो आतड्यात रुजतो, रक्तात वाढतो आणि स्फटिकाचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करतो. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगावर फवारा कमी पडला तर टाकीचा आणि मजुरीचा खर्च तुम्ही देणार का?

सूक्ष्मदर्शी: मूळ मुद्दा राहिलाच. ही विषाची जनुकं बहुतेक प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतात आणि प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं. बीजाणू थांबवलात, पण शेजारच्या धडधाकट बॅसिलसला ते मिळालं तर? त्यापेक्षा अमेरिकेत १९९१मध्ये नोंदवलेला मार्ग बरा: विषाचं जनुक स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूमध्ये घालायचं, पेशी मारायच्या आणि मेलेल्याच फवारायच्या.

रानमाणूस: मुळात बीटी मातीत आहेच, जपानमध्ये १९०१मध्येच सापडलंय. त्याची प्लाझ्मिडं आजही फिरतायत. आपण नवं काय सोडतोय?

कोबीचा गड्डा: अहो, मग बीजाणूही आधीपासून मातीत आहेतच की! पहिल्या पोस्टमध्ये त्यांचीच भीती घालत होतात.

अर्धवटराव: 😄 विकणार कोणाला ते ठरवा. बीटी फवारणारे बरेचसे सेंद्रियवाले, आणि जनुक बदललेलं काहीही सेंद्रिय प्रमाणपत्रात बसत नाही. वर जनुक-बदललेल्या जिवांसाठीच्या १९८९च्या नियमांखाली परवानगी काढा. घाटेअळी तोवर थांबते होय?